काळी पट्टी सोडायचा दिवस

आई, तुला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि मला आज लिहायचं सुचतंय. माझी शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच, त्यामुळं काना-मात्रा सांभाळून घे. तुला तरी कुठं वाचता येत होतं म्हणा! मी आयर्लंडात आहे, लेकाकडं. ब्लँचर्डस्टाउन गावाचं नाव. तो इथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. तुझा नातू, आई, ज्याला तू पानमळ्यात टोपलीत निजवायचीस, तो.

पण सांगायचं आहे शेजारणीचं. ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर तिमोर म्हणून बेट आहे, त्यातल्या अर्ध्या बेटाचा देश तिचा. बोली तेतुन. धर्मानं ख्रिस्ती, आणि नुसती नावाची नव्हे. म्हाताऱ्यांच्या आश्रमात स्वयंपाक करून येते, हातपाय धुते आणि आधी माळ घेऊन बसते. मला ‘अव्वो’ म्हणते, म्हणजे त्यांच्यात आजी. ती इंग्रजीत सांगते, मी मराठीत, मध्ये माझी नात. नातीला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीच, तेवढं मला आता उमगतं. एकदा मी कुंपणापाशी पानाचा डबा उघडला आणि ही बाई टाळ्या वाजवायला लागली! त्यांच्याकडं पाहुणा आला की पहिल्यांदा पान-सुपारी पुढं ठेवतात. पूर्वजांनासुद्धा ठेवतात. मी तिला पान लावून दिलं. दोघींचे ओठ लाल. नात म्हणते, ‘आजी, दॅट्स डिस्गस्टिंग!’ मी म्हटलं, ‘गप गं, तुझ्या पणजीनं हीच पानं खुडून मला वाढवलंय.’

ही बाई कायम काळ्या कपड्यात असायची. छातीवर काळ्या कापडाची पट्टी टाचलेली. नवरा गेला होता गेल्या साली. मी मनात म्हणायचे, पस्तिशीची पोर, आता जन्मभर असंच. मग ऑगस्टात तिनं बोलावलं, वर्ष झालं, रविवारी दुपारी या. मी काय समजणार? वर्षश्राद्ध! पांढरी साडी नेसले, हात रिकामे. लेक म्हणतो, ‘आई, पेढे तरी ने.’ मी म्हटलं, ‘मेल्या, डॉक्टर झालास पण अक्कल नाही आली. मेलेल्याच्या घरी पेढे?’ तोंड पाडून गेले तर आत गिटार वाजतंय! घर माणसांनी भरलेलं, झावळ्यांच्या विणलेल्या पुड्यांत शिजलेला भात, पोरी नटलेल्या. मी दारातच उभी. नातीला म्हटलं, ‘घर चुकलो काय गं?’

नाही चुकलो. आधी सगळे गुडघ्यावर बसले आणि प्रार्थना झाली. एक म्हातारा पुढं म्हणायचा, बाकीचे मागून. शब्द कळत नव्हता तरी माझ्या अंगावर काटा. टेबलावर क्रूस, मेरीमाउली, मेणबत्त्या, तिच्या नवऱ्याचा फोटो. आणि फोटोपुढं, आई, पान आणि सुपारी! देठ फोटोकडं, अगदी आपण ठेवतो तसं. मी मनातल्या मनात हात जोडले. म्हटलं, देवा, तू कुठंकुठं पोचलायस आणि बरोबर पान घेऊन पोचलायस.

मग ती उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नात म्हणाली, ‘आजी, शी वॉन्ट्स यू टु टेक इट ऑफ.’ वर्षभराचं दुःख आज सोडायचं. पट्टी आपली आपण काढत नाहीत, घरच्या कुणी मोठ्यानं काढायची, आणि तिची मोठी माणसं समुद्रापलीकडं. माझे हात मागं गेले. ‘सांग तिला, मी विधवा आहे. अशा कामाला माझा हात चालत नाही.’ नातीनं सांगितलं. तिनं माझे हात धरून पुढं घेतले. मग म्हणाली, ‘अव्वो, मीपण तीच आहे.’

आई, मी टाचणी काढली. एकदा तिला टोचलीसुद्धा. पट्टी पुढं ठेवलेल्या टोपलीत टाकली, कुणीतरी तिच्या खांद्यावर लाल-पिवळं हातमागाचं कापड घातलं, आणि ती ढसाढसा रडली आणि लगेच नाचली. नाचली गं! मलाही ओढलं. तसलंच एक कापड माझ्याही गळ्यात, पांढऱ्या साडीवर. तेवढ्यात लेक न्यायला आला. ‘आई?’ मी म्हटलं, ‘इट्स ग्रँड.’ इथं सगळे तेच म्हणतात.

घरी येऊन ते कापड घडी घालून मांडीवर घेतलं आणि तू आठवलीस. मळ्यातून आलेली, चुलीपुढं बसलेली, आणि तुझ्या अंबाड्यात पिवळी शेवंती. एकच. बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. फूल पदराआड झाकलेलं, पण मला दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी आजी तुला सगळ्यांदेखत बोलली, फूल ओढून चुलीत टाकलं, आणि तू पुन्हा कधी फुलाकडं बघितलं नाहीस. जन्मभर तुला कोडं राहिलं, की सासूला कळलं कसं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून डब्यात ठेवते, पानांच्या खाली. आजीला मी सांगितलं होतं, आई. तू किती छान दिसतेस, एवढंच सांगायला गेले होते.