आधी गल्ली

३ फेब्रुवारी, सोमवार

गेला पुन्हा! चार-दोन फोटो दिसले, स्क्रीनवरचा तो गोल फिरत राहिला, आणि फोटोंचा ड्राइव्ह गायब. वायर काढली, लावली. आला. गेला. पुन्हा लावला तर मशीन म्हणतं — हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल. करू?

माझा हात माऊसवर. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून बाबा ओरडले — "काही दाबू नकोस!"

त्यांना स्क्रीन दिसत नाही. काहीच दिसत नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. पण माझे सासरे भिंतीपलीकडून ऐकतात! "फिरता फिरता दम गेला त्याचा. ऐकलं मी. काढ वायर, आणि आधी चहा टाक."

चहा टाकला.

जन्मभर पेपरात फोटोग्राफर होते. निगेटिव्हच्या कपाटात ओल शिरली, बुरशी धरली. दृष्टी जात चाललेली, तरी भिंग लावून एकेक निगेटिव्ह स्वतः स्कॅन केली. मूळ निगेटिव्ह पुढे ओळखू येईनात, टाकाव्या लागल्या. म्हणजे आता जे आहे ते या एका काळ्या डब्यात. दुसरी कॉपी करू या, करू या, असं सगळेच म्हणत होतो. म्हणण्यात आमच्या घराचा हात कुणी धरणार नाही.

आणि नेमका आजच त्यातला एक फोटो हवा असावा! सकाळी फोन आला होता. बाजारामागची जुनी गल्ली रस्ता रुंद करताना पाडली, तिथे राहणाऱ्या शिवणकामवाल्या मावशींचा. पाडापाडीआधी प्रत्येक कुटुंबाचा त्यांच्या दारात फोटो काढला होता, पेपरात बाबांच्या नावानं छापूनही आले होते. मावशींची आई गेल्या महिन्यात गेली. "घरात तिचा धड एक फोटो नाही गं. त्या दारातला मिळेल?" मी म्हटलं, एवढंच ना, संध्याकाळपर्यंत पाठवते.

एवढंच!

४ फेब्रुवारी, मंगळवार

लॅबमधून आले ती थेट टेबलावर. तिकडे दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं, इकडे याची नाडी.

बाबांनी खुर्ची ओढून घेतली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास की कशानं फरक पडला ते कळत नाही." आमच्या लॅबच्या मॅडमही हेच सांगतात, फक्त इतकं गोड नाही.

वायर बदलली. गेला. पुढच्या भोकातून काढून मशीनच्या मागच्या भोकात लावली. गेला. माझा लॅपटॉप आणला. त्यावरही गेला. म्हणजे वायर नाही, मशीन नाही. मी तोंड पाडून बसले तर बाबा खूश! "दोन चोर सुटले. आता राहिलेल्यांकडे बघू."

नवरोबांचा परगावच्या साइटवरून फोन. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणे, "फॉरमॅट मागतोय तर देऊन टाक ना, चालायला लागेल." बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "आधी तुझं डोकं फॉरमॅट करू. रिकामंच आहे, वेळ लागणार नाही."

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज बाबांनी ड्राइव्हवर तळहात ठेवला, डोळे मिटले. (मिटले काय नि उघडे काय — पण मिटतात ते, ऐकताना.) मला म्हणाले, लाव.

"हं... फिरायला लागला. वेग धरतोय. धरला. ठोके नाहीत — हे चांगलं. आतून टकटक आली असती तर मी तुला हातही लावू दिला नसता. आता बघ... आता... उतरला. ऐकलंस?"

मला काही ऐकू आलं नाही. पंखा बंद केला. खिडकी लावली. फ्रिजचं बटणसुद्धा बंद केलं. मग आलं ऐकू! बारीकसा सूर, आणि शेवटी तो खाली घसरतो — चढावर थकलेल्या माणसानं श्वास सोडावा तसा.

"उपाशी आहे तो," बाबा म्हणाले. "वीज पुरत नाही त्याला." हात चाचपत भिंतीच्या अडॅप्टरपर्यंत गेला, आणि झटकन मागे! "पोळलो की! हे बघ, हा घे चोर."

डोळे होते तेव्हा हा माणूस कसा असेल, असं मनात आलं. मग वाटलं, असाच असेल. घाई नाही, चिडचिड नाही, आणि वस्तूवर सुद्धा राग नाही. मी सोमवारपासून त्या डब्याला मनातल्या मनात शिव्या देतेय. बाबा त्याला "दमलाय बिचारा" म्हणतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांना घेऊन दुरुस्तीवालीकडे. छोटं दुकान, काउंटरवर उघडी पडलेली मशिनं. तिनं मीटर लावला. अडॅप्टर नुसता असताना ठणठणीत, ड्राइव्ह जोडला की लगेच कोसळतो. "बरोबर आहे काकांचं. तोंडदेखला चांगला आहे हा. काम दिलं की बसतो."

बाबा म्हणाले, "असे लोक पण असतात." ती खो खो हसली.

त्याच मापाचा नवा अडॅप्टर लावला — ड्राइव्ह आला, आणि राहिला! मी टाळ्या वाजवणार, पण ती आपली गंभीर. काहीतरी तपासत होती. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. इतके महिने मध्येच वीज जाऊन ड्राइव्हच्या आत बऱ्याच जागा खराब झाल्यात. काही फोटो वाचता येतील, काही नाही. आणि किती दिवस चालेल याची खात्री नाही.

"याला आता दुरुस्त करायचं नाही, काका. रिकामं करायचं. नवा घ्या, आणि जे सगळ्यात हवं ते आधी उतरवा. पुढच्या फोल्डरला हा जिवंत असेलच असं धरू नका."

येताना रिक्षाभर तेच डोक्यात. जे सगळ्यात हवं ते आधी! सांगणाऱ्याचं काय जातं.

८ फेब्रुवारी, शनिवार

नवा ड्राइव्ह आणला. मी फोल्डरची नावं वाचून दाखवली. पूर. मंत्र्यांचे दौरे. सामने. नाटकं. गिरणीचा संप. गल्ली. घरचे — त्यात आमचं लग्न, नवरोबांचं बारसं, सगळं.

पूर म्हणतील असंच मला वाटलं होतं. पुराच्या फोटोला बक्षीस मिळालेलं. छपरावर उभा एकटा माणूस, चहूकडे पाणी, आणि वर सगळं फोटोभर आभाळ. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याचंच बोलतो.

"गल्ली," बाबा म्हणाले.

"मावशींचा एक फोटो आधी काढते, मग पूर घेऊ?"

"नाही. गल्ली सगळी. शेवटच्या दारापर्यंत."

"आणि घरचे?"

"तुम्ही दोघं आहात की! तो आला की बघा एकमेकांकडे."

हसले मी. मावशींचं एक काम होतं, त्यांनी सगळ्या गल्लीचं करून टाकलं. तिथली माणसं कुठे कुठे पांगली असतील. ती घरं नाहीत, दारं नाहीत. स्वतःचं बक्षीस रांगेत मागे, आणि परक्यांची दारं पुढे! असा माणूस माझा सासरा आहे, हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. म्हणून इथे सांगतेय.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून गल्ली उतरवतोय. बाबा कान लावून शेजारी. मध्येच — "थांब! एकाच जागी घासतोय. तो सोड, पुढचा घे." ड्राइव्ह तापला की बंद करून विसावा द्यायचा. मग पुन्हा.

फोटो उतरला की मी वर्णन करायचं, असं ठरलं. पहिल्यांदा मी आपली, "एक माणूस आहे, दारात उभा आहे." बाबा म्हणाले, "अगं, रक्ताचा रिपोर्ट नाही हा! नीट सांग."

मग नीट सांगितलं. न्हावी — खांद्यावर टॉवेल, पण स्वतःचीच दाढी वाढलेली. जुळ्या मुली, एकीचे डोळे मिटलेले, दुसरी तिला चिमटा काढतेय. एक आजी, घराच्या नंबराची पाटी उपटून छातीशी धरलेली, जणू बाळ. "तिच्यामागे निळा ड्रम आहे ना?" बाबांनी विचारलं. आहे! आणि मावशींची आई मिळाली! पदर डोक्यावरून अर्धा घसरलाय, एक दंड दुसऱ्या हातानं चोळतेय, आणि तोंडभर हसतेय. शेजारी मावशी, वेणी घातलेल्या.

सगळ्यात नवल कसलं वाटलं सांगू? कुणीच फोटोसाठी उभं नाहीये. घर पडणार आहे आठवड्यात, तरी समोरच्याकडे असे बघतायत की घरचंच कुणीतरी आलंय. पुराच्या फोटोत माणूस मुंगीएवढा आणि आभाळ मोठं. इथे आभाळच नाही, नुसती माणसं. एकाच माणसाला दोन्ही कसं जमतं! तसं मी बोलूनही दाखवलं.

"हं," बाबा म्हणाले. आणि चष्मा पुसत बसले. दिसत नाही तरी पुसतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

गल्ली पूर्ण! तीन दारं सोडली तर सगळी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पूर नाही वाचला.

फोल्डर उघडला, नावं दिसली, बक्षिसाच्या फोटोवर येऊन अडकला. बाबांनी दोनदा थांबवलं, गार होऊ दिला, पुन्हा. तिसऱ्या वेळी मात्र पहिल्यांदाच तो आवाज — टक. टक. टक. बाबांनी स्वतः हात पुढे करून वायर काढली.

मला रडू आवरेना. त्यांचंच सांत्वन करायचं तर मीच रडतेय! बाबा उठले, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले. पातेल्याचा आवाज, कपाचा आवाज. कपाच्या काठावर बोट ठेवून चहा ओतला — भरत आला की बोटाला कळतं — आणि माझ्यापुढे ठेवला.

"तो फोटो लोकांनी पाहिलाय, बेटा. छापलाय, भिंतींवर लावलाय. त्याचं आयुष्य जगून झालं." मग कप माझ्याकडे सरकवत, "गल्ली कुणी नीट पाहिलीच नाही. पेपरात आगपेटीएवढे छापले होते. माणसं ओळखू येत नव्हती."

लहान फोल्डर म्हणून सामने आणि नाटकं तेवढी आधी उतरवून घेतली होती. संप गेला. दौरे गेले. "मंत्री पण गेले," म्हणाले, "हिशेब बरोबर."

घरचे नाही निघाले. नवरोबांना फोनवर सांगताना मला धीर होईना. तो एवढंच म्हणाला, "बाबा कसे आहेत?" आवडला मला, त्या क्षणी. फार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मृत ड्राइव्ह दुरुस्तीवालीकडे नेला. ती म्हणाली, असे ड्राइव्ह उघडून फोटो काढणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येईल, पण हमी नाही. बाबांनी ठामपणे पाठवायला सांगितलं. "घरचे फोटो आहेत त्यात. तिला तिचं लग्न हवंय."

मी कधी म्हटलं होतं! पण हवं आहे. त्यांना कसं कळलं?

गल्लीची दुसरी कॉपी केली, तिसरी नवरोबांकडे पाठवली. यावेळी नुसतं म्हटलं नाही!

२० फेब्रुवारी, गुरुवार

मावशींच्या फोटोचा मोठा प्रिंट आला. बाबांनी कागदावरून बोट फिरवलं, कडेकडेनं, मध्ये कुठेही ठसा न उमटवता. "रंग कसे आलेत?" म्हटलं, लुगडं हिरवं आहे, दार निळं. "दार हिरवट निळं होतं," म्हणाले. पुन्हा बघितलं. खरंच, हिरवट निळं.

रविवारी मावशी येणार. बाबांनी चांगला शर्ट काढून ठेवायला सांगितलाय.

२३ फेब्रुवारी, रविवार

मावशी आल्या. फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघत राहिल्या. डोळे पुसले. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "उपकार झाले हो. पण काढायला तुम्ही नव्हता आलात. लसवाल्या बाई आल्या होत्या. आईला आधी इंजेक्शन टोचलं, ती ओरडायच्या आत असं काही बोलल्या की आई हसतच सुटली — तेवढ्यात काढला."

लसवाल्या बाई. आरोग्यकेंद्रात होत्या त्या. माझ्या सासूबाई. मी या घरात येण्याआधीच गेल्या.

मी बाबांकडे बघितलं.

"सगळी गल्ली तिची आहे," ते म्हणाले. "लस द्यायला जाताना माझा जुना कॅमेरा पिशवीत टाकायची. पेपरात नाव माझं पडलं. मी भांडायला निघालो तर म्हणाली, राहू दे, लोक छापून आले ना."

मावशी गेल्यावर त्यांनी मला कॉम्प्युटरपाशी बसवलं. फोल्डरचं "गल्ली" हे नाव खोडून सासूबाईंचं नाव टाकायला सांगितलं. इतकी वर्षं या घरात आहे, ते नाव मी आज पहिल्यांदा लिहिलं. दुसरं अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, ते बाबांना विचारावं लागलं.