बाराचा भोंगा आणि दीडचं लंच

ब्रिगशॉ, यॉर्कशायर
४ मार्च १९५७

चि. विनीस काकाचा आशीर्वाद. वि. वि.

आणि आपल्याकडे दुपारच्या जेवणाला डिनर का म्हणतात, तर ते जेवण असतं म्हणून. गरम, पोटभर, ठीक बाराला. लंच म्हणजे काय ते ज्यांना दीडपर्यंत भूक लागत नाही त्यांनी सांगावं. तू विचारलं नाहीस. पण तुझ्या होणाऱ्या सासूच्या चेहऱ्यावर तो सवाल काल मला दिसला, म्हणून सांगून टाकलं.

चाळीस वर्षं मागावर काढली मी. गिरणीचा भोंगा वाजला की जेवायचं, पोटाला दुसरं घड्याळ माहीत नाही. काल त्यांच्याकडे बारा वाजले, तर टेबलावर नुसती फुलं. मग खिशातला रुमाल सोडला आणि ढेकळाएवढा पाव-चीजचा तुकडा खाल्ला. दिवाणखान्यातच. आणखी कुठं जाणार?

तुझ्या त्या सासूनं, मिसेस अल्डर्टननं, लांब खिडकीशी उभं राहून नवऱ्याला हळूच सांगितलं की हा माणूस रेल्वेच्या फलाटावर बसल्यासारखा खातोय. तिला वाटलं, मला ऐकू जाणार नाही. गेलंच नाही. पण मागांच्या खडखडाटात आम्ही जन्मभर एकमेकांचे ओठ वाचूनच बोललो. चर्चच्या पार त्या टोकाची चुगली मला कळते, तर ही खिडकी ती काय.

तेव्हा २७ एप्रिलला तुला चर्चमध्ये हाताला धरून न्यायला दुसरं कुणीतरी बघ. तुझा बाप नाही म्हणून मी हो म्हटलं होतं. फलाटावरचा माणूस तिथं शोभायचा नाही.

माया आहे ती आहेच, ती काही लिहून दाखवायची चीज नाही.

तुझा काका,
एनॉक सग्डन

---

गिल्डफर्ड
९ मार्च १९५७

ती. काकांस विनीचा शि. सा. न. वि. वि.

वाचलंत ते बरोबरच वाचलंत. पण मग मिसेस अल्डर्टन पाठ फिरवून स्वयंपाकघराकडे आल्या. मी दाराशीच होते. म्हणाल्या, माझ्याही पोटात साडेअकरापासून कावळे ओरडताहेत, लाज आडवी आली नसती तर मीच त्याच्याकडे तुकडा मागितला असता. पाठीला ओठ नसतात, काका. तुम्ही मात्र पुडिंगची वाट न बघता कोट चढवून स्टेशन गाठलंत.

गंमत पुढेच आहे. जेफ्रीचे वडील, माझे होणारे सासरे, पडले शाळामास्तर. त्यांनी संध्याकाळी जुना शब्दकोश काढला. त्यात निघालं की लंच म्हणजे पूर्वी पावाचा नाहीतर चीजचा जाड तुकडा, हातात धरून खायचा. म्हणजे त्या घरात खरं लंच तुम्ही एकट्यानंच केलंत. मास्तर इतके खूश झालेत की लग्नात प्रत्येकाच्या ताटात तसा एक तुकडा मांडणार आहेत. रेशमी फीत बांधून. तुमच्या मानासाठी म्हणे.

राहिलं दुसरं कुणी बघायचं. बाबा गेल्यावर शाळेत पहिल्या दिवशी मी तुमचाच हात धरून गेले होते. तुम्ही आला नाहीत तर मी एकटी चालत जाईन. दुसऱ्याचा हात धरणार नाही.

रागवा, पण माझ्यावरचा लोभ तेवढा उणा करू नका.

तुमची,
विनी

---

ब्रिगशॉ
१२ मार्च १९५७

चि. विनीस आशीर्वाद. वि. वि.

पावाला रेशमी फीत? असल्या माणसांच्या हाती तुला एकटीला सोडणं बरं नाही. म्हणून येतो, दुसरं कारण नाही. लग्न अकराला ठेव. पाद्रीबुवांना सांग, फार लांबण लावू नका. बारा वाजता मी खाणारच, मग तिथं फोटो चालू असो की भाषण.

माझा आजोबा शेताच्या बांधावर बसून असाच तुकडा खायचा. अडाणी माणूस. लंच हा शब्द त्याच्या शिदोरीचा निघाला, आणि मी तो साहेबांचा समजून जन्मभर त्याला नाकं मुरडली. हे मास्तरांना कळवायचं नाही.

रुमालात दोन तुकडे आणीन. फीत नसलेले. एक तुझ्या सासूला. चर्चमागच्या भिंतीआड येऊन खाईल म्हणावं, कुणाला दिसायचं नाही. आली तर आली.

तिला काय बोलायचं ते तोंड माझ्याकडे करून बोल म्हणावं.

या लंच-डिनरवर मला आता एक अक्षर लिहायचं नाही. विचारू नकोस.

एनॉक