तीन कप्प्यांचा डबा

४ नोव्हेंबर. सकाळी ६.५०
घसा बरा. डॉक्टरबाईंनी पाच दिवसांचा कोर्स लिहिला होता, दुखणं तिसऱ्या दिवशीच गेलं. उरलेल्या चार कॅप्सूल डब्यात. आपलं शरीर आपल्याला कळतं.
डबा तीन कप्प्यांचा, लेबलं माझ्या अक्षरात.
एक: भिंत पाडणारी. अमॉक्सिसिलिन. जंतूला स्वतःभोवतीची भिंत बांधता येत नाही, तो फुटतो.
दोन: कारखाना बंद करणारी. अझिथ्रोमायसिन. जंतूचं प्रोटीन बनणं थांबतं.
तीन: नक्कल थांबवणारी. सिप्रो. डीएनएची नक्कल बंद, वंश खुंटला.
सर्दीवर तिन्ही निरुपयोगी. तो व्हायरस.
हे मला कुणी शिकवलं नाही. वजनकाटे दुरुस्त करायलाही कुणी शिकवलं नव्हतं. बावीस वर्षं झाली, एकही काटा परत आलेला नाही.

७ नोव्हेंबर
बायकोला लघवीला जळजळ. म्हणाली, डॉक्टरबाईंकडे जाऊन येऊ या. म्हटलं, घरात डबा असताना? कप्पा एक दिला. सकाळ-संध्याकाळ एकेक.

९ नोव्हेंबर
चारही संपल्या, फरक शून्य. औषधांवरचं माझं पुस्तक काढलं. या आजाराचे बरेच जंतू अमॉक्सिसिलिन तोडून टाकणारं एन्झाइम बाळगतात म्हणे. म्हणजे चूक माझी नाही, जंतूंची. कप्पा तीन उघडला. गेल्या वर्षी पोट बिघडलं होतं तेव्हाच्या तीन गोळ्या आहेत.

१० नोव्हेंबर
दोन गोळ्यांत जळजळ बंद! तिसरी परत डब्यात, पुढेमागे लागेल.
औषधवाल्याला सहज सांगितलं. तर म्हणतो कसा, "काका, तुम्ही गिऱ्हाइकाला काटा देताना स्क्रू अर्धेच आवळता का हो?" विषयाची खोली नाही त्याला.

१२ नोव्हेंबर. दुपारी ३.२०
सकाळी बायकोला ताप. तिसरी गोळी दिली. दुपारी ताप १०२.८, हुडहुडी, कमरेला उजवीकडे हात लावू देईना. उचलून दवाखान्यात.
डॉक्टरबाई म्हणाल्या, संसर्ग किडनीपर्यंत गेलेला दिसतोय. लघवी कल्चरला पाठवली. मग विचारलं, आधी काही अँटिबायोटिक घेतलं होतं का?
बायकोने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, "छे! आम्ही मनाने काही घेत नाही."
तिचं वजन घेताना लक्षात आलं, त्यांचा काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतो. स्क्रूड्रायव्हर खिशात असतोच. बाहेर पॅसेजमध्ये नेऊन, गुडघ्यांवर बसून नीट करून दिला. सात मिनिटं. दिवसभरात तेवढंच बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर
बायकोला दवाखान्यात ठेवून घेतलंय, इंजेक्शनं सुरू. ताप १०२.४. डॉक्टरबाईंना खरं सांगायचं ठरवलं. सकाळी. मग संध्याकाळी. संध्याकाळी दवाखान्यात गर्दी होती.
गर्दी म्हणजे दोन माणसं.

१५ नोव्हेंबर
ताप १०१. कल्चरचा रिपोर्ट आला. एकही जंतू उगवला नाही. नर्सला नवल. मला नाही. जंतू मेलेले नाहीत, माझ्या गोळ्यांनी दबून बसलेत. त्यांच्यावर नेमकं कोणतं औषध चालेल, हे आता रिपोर्ट सांगू शकणार नाही. हे मी वाचलेलं आहे. पान ४१. खाली लाल रेघ, पट्टी लावून मारलेली.

१७ नोव्हेंबर
सांगितलं. चार मुद्दे चिठ्ठीवर लिहून नेले होते. पहिलाच मुद्दा दोनदा वाचला.
डॉक्टरबाई म्हणाल्या, "माहीत आहे मला. मिसेसनी पहिल्याच दिवशी सांगितलं. कोणत्या गोळ्या, किती, कधी, सगळं. त्यावरूनच तर इंजेक्शन ठरवलं."
कधी सांगितलं तिने?
"तुम्ही काटा दुरुस्त करत होतात तेव्हा."
ताप ९९. घरी न्या म्हणाल्या.
रिक्षात बायकोला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून थांबले होते. पाच दिवस." मग बाहेर बघत बसली.
त्या पाच दिवसांतला तिचा ताप माझ्याकडे दर चार तासांनी लिहिलेला आहे.

२४ नोव्हेंबर
तिचा कोर्स पूर्ण झाला. शेवटची गोळी तिने माझ्यासमोर घेतली, रिकामं पाकीट माझ्या हातात ठेवलं.
डब्यात आता बटणं आहेत. लेबलं तिने काढलेली नाहीत. भिंत पाडणारीत पांढरी, कारखाना बंद करणारीत काळी, नक्कल थांबवणारीत उरलेली.
सकाळपासून माझ्या शर्टाचं दुसरं बटण नाही. पांढरं, चार भोकांचं. कप्पा नंबर एक. मागायला तोंड नाही.