मी खोलीत डोकावणार नाही

सोमवार, ३ तारीख. सकाळ.
लेक रविवारी येते आहे. नोकरी तीच, पण काम आता घरून. सहा महिने राहून बघते, म्हणाली. ‘बघते’ हा शब्द टोचला. गेली तेव्हा दारात म्हणाली होती, “आई, तू मला माझ्या पद्धतीने साधी बॅगसुद्धा भरू देत नाहीस.” बॅग मी भरली होती, खरं आहे. पण किती सुबक भरली होती!
असो. मी बदलले आहे. तिची खोली नवी करायची. रंग यांनी द्यायचा, पडदे मी शिवायचे. ज्याने त्याने आपल्या पद्धतीने. मी खोलीत डोकावणार नाही. माणसाला मोकळं सोडलं की तो दुप्पट काम करतो. शाळेत सुपरवायझर होते तेव्हाही हेच म्हणायचे. वर्गांच्या खिडक्यांतून आत बघत बघत म्हणायचे.

सोमवार, दुपार.
डोकावले. पण फक्त चहा द्यायला. रंगाचा डबा अजून बंद. हे स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराशी बसलेत. विचारलं, अहो, भिंती सोडून दाराला काय झालंय? म्हणाले, “माझी पद्धत.” मी गप्प बसले. किती बदलले आहे मी!

मंगळवार.
पडद्यांचं कापड काढलं. पांढरं, बारीक निळी फुलं. लहानपणी शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, आधी धागा ओढून सरळ रेष पाडा, मग कात्री. सिस्टर जाऊन किती वर्षं झाली, पण कोरं पांढरं कापड हातात घेतलं की अजून त्यांच्या साबणाचा वास येतो. धागा ओढतच होते, तेवढ्यात पलीकडून ब्रशचा आवाज आला. आडवा! जाऊन सांगितलं, उभा मारा. एवढंच सांगितलं. आणि कोपऱ्यांचं. आणि खाली पेपर नीट अंथरायचं. हे शिडीवरून म्हणाले, “बाईसाहेब, तुमचे पडदे कुठवर आले?”
ओढलेला धागा परत सापडला नाही.

बुधवार.
मशीन त्या खोलीच्या दारासमोर आणलं. केवळ उजेडासाठी. यांनी दार लावून घेतलं. उजेड गेला. शिवण अशक्य.

गुरुवार.
पडद्यांची काळजी नाही, एका दुपारचं काम. दाराबाहेरून सुचवलं, आणखी एक हात द्यावा. आतून, “दिला.” सुचवलं, आता वाळू द्यावा. “वाळतोय.” मोकळीक दिली की माणसं अशी तुटक बोलतात.

शुक्रवार.
लेकीला फोन. सांगितलं, खोली तुझी, हवी तशी लाव. टेबल मात्र खिडकीशी, पाठ दाराकडे नको आणि कपाटाचा वरचा कप्पा चादरींना. मग म्हणाली, “आई, मी अजून तिकीट काढलेलं नाहीये.”
नीट ऐकू आलं नाही, नेटवर्क खराब असावं.
मग म्हणाली, बाबांना दे. हे फोन घेऊन खोलीत गेले. दार बंद. बाहेर आल्यावर म्हणाले, “काढतेय तिकीट.” काय बोललात? “रंगाचं.”

शनिवार.
आज पडदेच. मशीनला तेल घातलं. हे बाहेर गेले म्हणून सहज खोली पाहिली. इन्स्पेक्शन नव्हे. साजूक तुपासारखा पिवळा रंग, एक ओघळ नाही. तिच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा तेवढ्या तशाच ठेवल्यात, भोवती सरळ चौकट आखून. जन्मभर ड्राफ्ट्समन होते ना! हे मी सुचवलं नव्हतं. खुणांपाशी जमिनीवर बसले, ते अंधार पडेपर्यंत.
पडदा एक. अर्धा. टाचण्यांवर.

रविवार.
आली. भिंतीवरून हात फिरवला, खुणांपाशी थांबली. खिडकीवर पडद्याऐवजी लावलेली जुनी चादर पाहून हसली. मग दाराकडे वळून म्हणाली, “बाबा, फोनवर म्हणालात ती हीच?” हे म्हणाले, “हीच. आधी ती बसवली, मग रंगाला हात लावला.”
आतून कडी. नवी, पितळी. आठवडाभर भिंती तपासल्या, दार पाहिलंच नाही.
मोकळीक ही कल्पना मुळात माझी, हे दोघंही विसरले.

रविवार, संध्याकाळ.
चहा घेऊन गेले, दार ढकललं. उघडेना. स्वतःच्या घरात पहिल्यांदाच टकटक केली. आतून, “बॅग रिकामी करतेय, आई. माझी मी. थांब हं.”
थांबले आहे. बाहेर स्टुलावर बसून लिहिते आहे. चहा निवला. हाताला चाळा म्हणून पडदा घेतला, तर एक कड शिवून झालीसुद्धा.
आतून अजून ‘ये’ आलेलं नाही. दुसरी कड घेते.