टीचर रामिल कॅनडाला चालले

१६ जानेवारी
आज इथला शिक्षक दिन. मुलांना सुट्टी, आम्हाला भाषणं. फाटकावर पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचा नवा फलक लागलाय. आमच्या शाळेत कुणाला शिंक आली तरी व्हिनाइलचा फलक छापतात, त्याचं काही नाही. पण फलकाच्या मधोमध कॅलम. वय चोवीस, गोरा, गाव मँचेस्टरजवळ कुठेतरी, सप्टेंबरात आलाय, रोज उशिरा येतो आणि वर्गात नुसते खेळ घेतो. मी फिलिपाइन्सचा, इथे थायलंडात रॉय-एटमध्ये नऊ वर्षं इंग्रजी शिकवतोय. मी फलकावर कुठे? खालच्या कोपऱ्यात, फोन नंबरच्या मागे. माझा एक कान दिसतो.
मला फरक पडत नाही. फक्त नोंद.
संकल्प: कॅलमशी सौजन्याने वागणे.

१७ जानेवारी
कॅलमने न विचारता माझा स्टेपलर नेला. संकल्प स्थगित.

२१ जानेवारी
आज प्रांताच्या इंग्रजी मेळाव्यात शाळेतर्फे परीक्षक म्हणून कॅलम बसला. भाषण स्पर्धेची मुलं मी तयार केली, दोन महिने. डायरेक्टर राच्चनीबाई हसून म्हणाल्या, टीचर रामिल, तुम्ही फोटो छान काढता, तुम्ही फोटो काढा.
काढले. कॅलमचे सगळे फोटो हलले. मुद्दाम नाही.

२३ जानेवारी
या लोकांना माणसाची किंमत तो जायला निघाला की कळते. नऊ वर्षांत मी यांना तळहातासारखं ओळखलंय. वरवर हसतात, आतून हादरतात. तेव्हा आज छोटासा धक्का दिला.
जेवणाच्या सुट्टीत पी ऑयच्या शेजारी बसलो. पी ऑय आमच्याच विभागात थाई शिक्षिका. वयाने मोठी म्हणून पी, म्हणजे ताई. तिला एक गोष्ट सांगितली की संध्याकाळपर्यंत डायरेक्टरबाईंच्या केबिनपर्यंत पोचते, टपालाचा खर्च नाही. मी सहज म्हणालो, विनिपेगची चुलतबहीण फार मागे लागलीय, मार्चनंतर कॅनडाला जावं म्हणतो.
पी ऑय भाताचा गोळा हातात धरून थांबली. मग म्हणाली, अरे वा, अभिनंदन टीचर.
हादरली. स्पष्ट दिसलं.
(चुलतबहीण जॉसलिन. तिने माझ्या शेवटच्या मेसेजला उत्तर दिलेलं नाही, पण तिकडे लोक कामात असतात.)

२४ जानेवारी
सकाळच्या रांगेत डायरेक्टरबाईंनी माइकवरून जाहीर केलं: टीचर रामिल कॅनडाला चालले, आपण सगळे त्यांचा अभिमान बाळगू या. आठशे मुलांनी टाळ्या वाजवल्या.
चांगली चाल आहे. आधी टाळ्या, मग केबिनमध्ये बोलावून गयावया. मी तयार आहे. अटी ठरवल्यात: फलकावर पूर्ण चेहरा, टेबल एसीच्या खाली, स्टेपलर परत.

२८ जानेवारी
केबिनमधून बोलावणं नाही. बाईंना संकोच वाटत असणार. मोठ्या माणसांना विनवणी जड जाते.
कँटीनवाल्या मावशींनी मला एक अंडं जास्त घातलं आणि म्हणाल्या, खाऊन घ्या टीचर, तिकडे कोण घालणार.

१ फेब्रुवारी
नववी ब. एका मुलीने विचारलं, टीचर, तुम्ही कॅनडाला गेल्यावर कॅलम टीचरपण जाणार का? मी नाही म्हणालो. वर्गात समाधानाची लाट आली. लिहून ठेवतोय, कारण मी न्यायी माणूस आहे आणि मुलांच्या अज्ञानाचा राग धरत नाही.

४ फेब्रुवारी
शेवटी बोलावलं. डायरेक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने चहा दिला. म्हणाल्या, टीचर, इथे तुम्हाला काही त्रास होता का? आता आला क्षण. मी म्हणालो, छे, त्रास कसला, इथे तर मला सगळं मिळालं. बाई पुन्हा म्हणाल्या, काही असेल तर सांगा हं. मी म्हणालो, काही नाही, अगदी सुखात आहे. त्यांना मन मोकळं करायला मी याहून जास्त काय करणार?
बाई म्हणाल्या, मग चांगलं झालं. तुमच्या भाग्याच्या आड आम्ही येणार नाही.
सहीसाठी कागदही तयार होता. वाचायला मागितला असता तर त्यांचा अपमान झाला असता. सही केली.
घोळ वाढतोय. पण मार्च लांब आहे.

७ फेब्रुवारी
माघारीची वाट हळूहळू मोकळी करणे हे आजपासूनचं धोरण. स्टाफरूममध्ये ऐकू जाईल असं म्हणालो की कॅनडात फार थंडी, मला सायनसचा त्रास, डॉक्टर काय म्हणतात बघावं लागेल.

१० फेब्रुवारी
शिक्षकांनी वर्गणी काढून मला कोट आणला. गुडघ्यापर्यंत. आत लोकर. घालून फोटो काढायला लावला. बाहेर छत्तीस डिग्री.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

११ फेब्रुवारी
आज म्हणालो की व्हिसाला फार वेळ लागतो, कदाचित वर्षभरही. पी ऑय म्हणाली, काळजी करू नका टीचर, माझ्या भाच्याची ओळख आहे बँकॉकला. तिला थांबवता थांबवता घाम फुटला. भाचा फारच कामाचा माणूस दिसतो.
संकल्प: उद्या सरळ सांगून टाकायचं की बेत रद्द. एक वाक्य. माणसाने सरळ असावं.

१२ फेब्रुवारी
सांगणारच होतो. तेवढ्यात माझ्या जागी घेतलेल्या बाई पोचल्या. सेबूच्या. नाव लॉर्ना. मला म्हणाल्या, दादा, तुमच्यामुळे मला नोकरी मिळाली, घरी आई रडली आनंदाने. माझ्याच देशाची बाई, तिला काय सांगू? कपाट कुठलं, फळ्याचा कोणता कोपरा ओला राहतो, आठवी ‘क’ला कसं गप्प करायचं, सगळं दाखवलं.
शिकवते चांगलं. उच्चार माझ्याइतके नाहीत.

१४ फेब्रुवारी
कॉरिडॉरमध्ये कॅलमने गाठलं. म्हणाला, रामिल, खरंच जाऊ नकोस रे. तू नसलास तर मला इथलं काही कळणार नाही, तूच एकटा मला सगळं समजावून सांगतोस. डोळे लाल होते.
उद्धटपणा पाहा. महिनाभर शाळेतला एक माणूस जाऊ नका म्हणाला नाही आणि म्हणाला तर कोण, हा. त्याच्या शब्दावर थांबलो तर लोक काय म्हणतील? मी म्हणालो, बघू, आणि स्टेपलर मागितला. दिला. पिन संपलेल्या.

१९ फेब्रुवारी
फाटकावर नवा फलक. या वेळी मधोमध मी. कोटातला फोटो. मागे लाल पानाचा झेंडा आणि बर्फाचे डोंगर. खाली मोठ्या अक्षरांत: टीचर रामिल कॅनडाला चालले.
पूर्ण चेहरा. दोन्ही कान. एक अट पूर्ण झाली म्हणायची.

२० फेब्रुवारी
पी ऑयने तो फलक फेसबुकवर टाकला आणि मला टॅग केलं. दुपारी घरून, इलोइलोहून आईचा फोन. रडत होती. म्हणाली, आम्हाला सांगितलंही नाहीस लबाडा. शेजारच्या सगळ्यांना सांगून झालंय, पाद्र्यांना सांगून झालंय, गावजेवणासाठी डुक्करही ठरवलंय. मी म्हणालो, आई, अजून नक्की नाही. ती म्हणाली, नक्की नसतं तर फलक छापला असता का?
आता घरीही जाता येणार नाही.
उचलली जीभ लावली टाळ्याला, ती आता निघेना.

२ मार्च
परीक्षा. झोप नाही. भूक आहे. काडीला टोचून भाजलेलं डुकराचं मांस बंद करायचा संकल्प होता, आज खाल्लं. या मनःस्थितीत शरीराला आधार हवा.
जॉसलिनला पुन्हा मेसेज केला. तिने अंगठा पाठवला. याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

८ मार्च
दोरे बांधायचा विधी. हॉलच्या मधे केळीच्या पानांचा मनोरा, फुलं, उकडलेली अंडी, चिकट भात. गावातले म्हातारे गुरुजी मंत्र म्हणायला आलेले. इथे असं मानतात की माणसाचे प्राण प्रवासाच्या विचाराने भटकायला लागतात, म्हणून त्यांना हाका मारून अंगात परत बोलवायचं. गुरुजी डोळे मिटून म्हणत होते, ये रे जिवा ये, रानात असशील तर ये, परमुलखात असशील तर ये, घरी ये. मला रडू फुटलं. ऐकायचं होतं ते दीड महिन्याने ऐकलं, पण ते माझ्या प्राणांना उद्देशून होतं.
मग एकेकजण मनगटाला पांढरा दोरा बांधून आशीर्वाद देत गेला. सुखाने जा. थंडीत जपा. मोठं घर बांधा. थांबा असं कुणीच नाही.
पी ऑय सगळ्यांत शेवटी आली. गाठ बांधताना खाली मान घालून विचारलं, टीचर, तिकडे चिकट भात मिळतो का हो? मी म्हणालो, मिळतो की, कॅनडात सगळं मिळतं. ती म्हणाली, मग ठीक आहे. गाठ मारली आणि बराच वेळ हात सोडला नाही. चांगली बाई आहे, पण परदेशाबद्दल माहिती कमी.

१४ मार्च
ठरलं. शेवटच्या क्षणी सांगायचं. बस स्थानकावर कुणी नसेल, फक्त पी ऑय आणि बाई सोडायला येतील. बॅग खाली ठेवायची, हसायचं, म्हणायचं की मन नाही होत. हे लोक भावनेला मान देतात. परत सगळे मिळून जेवायला. लॉर्नाची सोय प्राथमिक विभागात होऊ शकते. सगळं जुळतंय.
आज बऱ्याच दिवसांनी शांत वाटलं.

२० मार्च
अख्खी शाळा आली.
सुट्टी असून आली. शाळेच्या दोन गाड्या, पालकांचे टेंपो, बँड. फलकसुद्धा उचलून आणला, चौघांनी धरला होता. कॅलम वेळेवर आला, पहिल्यांदा. मुली रडत होत्या. मी बॅग खाली ठेवली. तोंड उघडलं. तेवढ्यात पी ऑयने बॅग उचलून ड्रायव्हरच्या हातात दिली. म्हणाली, एवढं जड तुम्ही कशाला उचलता. डायरेक्टरबाईंनी हात जोडले. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. हात जोडलेल्या माणसाला बसमध्ये चढण्याशिवाय काय सुचणार?
बँकॉकचं तिकीट त्यांनीच काढलेलं. खिडकीची जागा.
तासाभराने शेजारच्या प्रांतात, महासारखामला बस थांबली. पाय मोकळे करायला उतरलो. मग बॅगही उतरवून घेतली.

२२ मार्च
महासारखाम. स्थानकामागच्या गेस्टहाऊसमध्ये खोली. तात्पुरती. परिस्थितीचा आढावा घेण्यासाठी लांबून पाहणं बरं असतं. व्हिसा महिनाअखेरपर्यंत आहे, म्हणजे वेळ भरपूर. कोट उशी म्हणून उत्तम.
संकल्प: तोंडावर मास्क लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

२५ मार्च
इथल्या एका इंग्रजीच्या क्लासमध्ये चौकशी केली. बाई फार गोड बोलल्या. अर्ज नंतर बघू म्हणाल्या, आधी फोटो मागितला. फोटो पाहून म्हणाल्या, कळवू. मी यांना तळहातासारखं ओळखतो. कळवणार नाहीत.
आई विचारते बर्फाचे फोटो कधी पाठवतोस.

२७ मार्च
बाजारात नववी ‘ब’मधल्या त्या मुलीची आई दिसली. इथे तिचं माहेर असणार. मी मिरच्यांच्या ढिगामागे वाकलो. मास्क होता. तिने पाहिलं नाही. पाहिलं असेल तर ओळखलं नाही. ओळखलं नसेल तर हात का जोडले?

२८ मार्च, संध्याकाळ
स्थानकावर भात आणि भाजलेली कोंबडी घ्यायला गेलो होतो. डायरेक्टरबाईंचा फोन. घ्यावा की न घ्यावा. घेतला.
म्हणाल्या, टीचर, जेवलात का? मी म्हणालो, आत्ताच. पोचलात ना नीट? पोचलो. घर चांगलं आहे ना? मी म्हणालो, फार छान, खिडकीतून सगळं पांढरं दिसतं. बाई म्हणाल्या, लॉर्नाटीचर चांगल्या आहेत, पण आठवी क तुमची आठवण काढते. पी ऑय तुमच्या टेबलावर कुणाला बसू देत नाही. त्या थांबल्या. मला वाटतं मी काहीतरी बोलावं म्हणून थांबल्या.
तेवढ्यात सहा वाजले. स्थानकाच्या भोंग्यांतून, देशभर रोज याच वेळी लागतं ते थाई राष्ट्रगीत सुरू झालं. कोंबडीवाली उभी राहिली, हमाल उभे राहिले, बाकावरचे सगळे उभे राहिले. मीही फोन कानाला लावून ताठ उभा. फोनमध्ये तिकडूनही तेच सुरू होतं, तेच सूर, एकाच वेळी. आम्ही दोघं गप्प. गीत संपेपर्यंत गप्प. त्यांना वाटलं असेल की आवाज त्यांच्याच बाजूचा आहे.
गीत संपलं. मग बाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, तिकडे थंडी फार आहे का हो टीचर?
मला म्हणायचं होतं, मला परत यायचंय. नऊ वर्षांत मला इतकं कशाचंही म्हणायचं नव्हतं.
म्हणालो, फार आहे. उणे वीस.
बाई म्हणाल्या, मग जपा टीचर, आजारी पडू नका. आणि फोन ठेवला.