तळ्याकडची खोली

कर्मचारी वसाहत,
बराकपूरच्या पुढे.
डिसेंबर, रविवार दुपार

प्रिय मम्मी,

परवा फोनवर तू एवढंच विचारलंस की राहणार कुठे. मी म्हटलं, अजून ठरवतेय. मग जरा थांबून तू विचारलंस, जवळपास पाणी आहे का. मी म्हटलं, आहे की, नळाला चोवीस तास. माझ्या मते विनोद बरा होता. तू हसली नाहीस. कुकर लावलाय म्हणालीस आणि फोन ठेवलास. तुझा कुकर नेमका अशाच वेळी कसा लावलेला असतो, हे मला लहानपणापासून न सुटलेलं कोडं आहे. म्हणून हे पत्र. पत्राला कुकर आडवा येत नाही. फक्त एक कर, शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून फ्रिजवर ठेवून देऊ नकोस.

नोकरीचं तुला माहीत आहेच, थंडीपुरती आहे, सरस्वतीपूजा झाली की संपली. अम्यूझमेंट पार्क म्हटलं की तुला वाटतं मी पाळण्याला लोंबकळत असेन. तसं काही नाही. फाटकाजवळच्या काचेच्या खोलीत बसून माइकवर बोलायचं. मोठा पाळणा दुरुस्तीला आहे, निळ्या स्वेटरमधला छोटा मुलगा ऑफिसात बसलाय, घरच्यांनी येऊन घेऊन जावं, असलं सगळं हिंदी-इंग्रजीत मी सांगते आणि बंगालीत तापसीदी. इथले लोक वर्षभर या थंडीची वाट बघतात. आपल्याकडे जेमतेम शाल लागेल एवढ्या गारव्यात बापे-पोरं सगळे माकडटोप्या घालून, संत्री सोलत रांगेत उभे असतात. तापसीदी कृष्णनगरची, पन्नाशीची, दर हंगामाला इथे येणारी. जेवलीस का, हे ती मला तुझ्यापेक्षा जास्त वेळा विचारते, यावरून काय ते समज. तीच मला बंगाली शिकवते. आता बाजारात निभावून नेते मी. 'आय' म्हणजे ये, हे तर पहिल्याच दिवशी कळलं. इथे पोरांना, मांजरांना, बदकांना, सगळ्यांना आय आय करूनच बोलावतात.

तर राहण्याचं. कंपनीनं तीन जागा पुढे ठेवल्यात. एक, कोलकात्यात सॉल्ट लेकमधला कंपनीचा फ्लॅट, चार मुलींत एक, जायला-यायला बस. दुसरी, सियालदहला एका बाईंकडे खोली. आणि तिसरी ही, पार्कच्या कुंपणाला लागून असलेली वसाहत. ठरेपर्यंत नव्या लोकांना इथेच ठेवतात, म्हणून मी आले त्या दिवसापासून इथेच आहे, हे तुला सांगायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं खरं तर, मी टाळलं. वसाहत वाईट नाही. रस्त्याकडच्या खोल्यांवर उड्या पडतात. मागच्या, तळ्याकडच्या, रिकाम्या असतात. मला अर्थातच मागची मिळाली.

रिकाम्या का असतात, ते तापसीदीनं पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. ती माझ्या शेजारच्या खोलीत असते. पार्क बंद झालं, गाणी थांबली, की तळ्यावर धुकं उतरतं, आणि मग म्हणे पाण्याकडून एक लहान मूल बोलावतं. आय, आय. ये, ये. पाळणे यायच्या आधी इथे कुणाची तरी बाग होती, लोक पिकनिकला यायचे, तेव्हा एक मूल बुडालं. ते आता सोबती मागतं. ऐकू आलं तरी उत्तर द्यायचं नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही तिन्हीसांजेला मागून हाक आली तर ओ देत नाहीत. भुतांच्या बाबतीत महाराष्ट्र आणि बंगालचं एकमत आहे हे ऐकून तिला बरं वाटलं. तिनं माझी खिडकी लावली, आणि मी मनातल्या मनात हसले.

आणि मग एका संध्याकाळी मलाही ऐकू आलं. मी काही घाबरट नाही, तू मला तसं वाढवलंच नाहीस. धक्क्याला बांधलेल्या होड्यांच्या साखळ्या असतील, गंजलेली कडी असेल, काहीही असेल. पण त्याला सूर होता. आपण कुणाला ये म्हणतो तेव्हा सूर खाली येतो ना, हक्कानं? हा वर जात होता, विचारल्यासारखा. काय खटकलं ते मला तेव्हा कळलं नाही. मी नुसती उभी राहिले. आणि मग खिडकी मीच लावली.

दुसऱ्या दिवशी मी तातडीनं बाकीच्या जागा बघायला निघाले, हे वेगळं सांगायला नको. सियालदहची खोली घाऊक भाजीबाजाराच्या वर. खिडकी उघडली की कोबी, न उघडली तर अंधार. मालकीणबाई मात्र प्रेमळ. मी मासे खात नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, या आता भाडं माफच करतात. तिथून सॉल्ट लेकला गेले. फ्लॅट छान होता, उजेड भरपूर. तुझाही कौल त्यालाच होता. सॉल्ट लेक बरं, मी निघण्याआधी तेवढं एकच वाक्य तू आपणहून बोललीस. तिथे तुझा संसार होता, बाबांच्या बँकेचं क्वार्टर होतं, हे तू बोलली नाहीस आणि मीही काढलं नाही. माझा जन्म तिथला, हे माझ्या दाखल्यावर आहे. अर्णवदादाचा फोटो देवघराशेजारी आहे. या दोन गोष्टींच्या मधलं आपल्या घरात कुणी कधी बोललंच नाही. पिकनिकला गेला आणि पाण्यात गेला. बाबासुद्धा जाईपर्यंत याहून जास्त बोलले नाहीत.

मी नुसतं क्वार्टर बाहेरून बघावं म्हणून गेले, तर समोरच्या घरातून एका म्हातारीनं मराठीत हटकलं, शकुनची लेक का गं तू? पुष्पाकाकू. अजून तिथेच आहेत. कोलकात्यातच जन्मल्या, कोलकात्यातच शाळेत शिकवलं. मराठी अगदी शुद्ध बोलतात पण हेल बंगाली. माझं नाक बघून ओळखलं म्हणाल्या, म्हणजे त्याबद्दल तुझे आभार मानावेत की काय ते कळेना. त्यांनी थालीपीठ लावलं, वर नव्या गुळाची संदेश मिठाई दिली. राहतेस कुठे, म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातली ताटली खाली ठेवली. ती बाग, एवढंच म्हणाल्या. मग मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. मम्मी, त्यांच्यावर रागावू नकोस. मी उठतच नव्हते.

बँकेची पिकनिक होती. पातेल्यात खिचडी शिजत होती. तू सतरंजीवर मला पाजत बसली होतीस. दादा बदकं बघायला म्हणून काठाकडे गेला, कडेला एक होडी होती तीत चढला, आणि होडी सुटली. त्यानं हाक मारली. काठावर माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं. पोरगं बदकांना आय आय करतंय, असं समजून सगळे पुन्हा आपापल्या गप्पांकडे वळले. पाच वर्षांचं मूल, आई म्हणून ओरडतंय, आणि त्या काठावरच्या कुणालाही तो शब्द ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होता ते चुलीपाशी होते. आणि तू. पुष्पाकाकू म्हणाल्या, तूही ऐकलं होतंस. तुला बंगाली चटकन आलं होतं, भाजीवाल्यांशी भांडण्याइतकं. तुला वाटलं, कुणाचं तरी मूल बदकांना बोलावतंय. मान वर न करता तू मला पाजत राहिलीस. नंतर कितीतरी दिवस तू काकूंना एकच गोष्ट सांगायचीस, मला ऐकू आलं होतं हो, मला बंगाली वाटलं.

मी परतीच्या बसमध्ये रडले. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता, नाक पुसत रडले. दादासाठी रडले, पण जास्त तुझ्यासाठी. आणि माझ्यासाठीही, कारण माझं एक जुनं कोडं त्या दिवशी सुटलं. शाळेत सगळ्या मला चिडवायच्या. घरात बाबा आणि मम्मी, ही कुठली जोडी? अर्धं पुणं, अर्धी इंग्लंडची राणी? एकदा शेजारच्या सुधाचं ऐकून, ती तिच्या आईला मारायची तशीच हाक मी तुला मारून बघितली होती. आठवतं? तू पोळी तव्यावर टाकून घराबाहेर निघून गेलीस. पोळी जळली. बाबांनी गॅस बंद केला, मला जवळ घेतलं आणि सांगितलं, मम्मीच म्हणत जा बाळा. मला वाटायचं, तुला तो शब्द गावंढळ वाटत असेल. आता कळतंय. मम्मी हा शब्द कुठल्याही मुलखात मम्मी म्हणूनच ऐकू येतो.

मी सॉल्ट लेकला हो म्हणणार होते, अगदी ठरलं होतं. पण मागच्या रविवारी एक गोष्ट झाली, तिच्यासाठी हे सगळं लिहितेय. तुफान गर्दी होती. माझ्या काचेच्या बाहेर एक लहान मुलगी, गुलाबी टोपीतली, जोरजोरात ओरडत होती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा. आय, आय, करतेय, भावाला बोलावत असेल, असं माझ्या मनात आलं आणि मी पुन्हा माइककडे वळले. मग गर्दीतून एक बाई धावत आली, अगं इथेय मी, इथेय, म्हणून त्या पोरीला छातीशी धरलं आणि आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाली, पोर आईच्या नावानं टाहो फोडतेय, बहिरे आहात का सगळे? मराठीत म्हणाली. नागपूरकडची असावी. आणि मी, पुण्यात वाढलेली, मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत स्वप्नही न पडणारी, मी वळले नव्हते. माझ्या मांडीवर तान्हं मूल नव्हतं. माझं कामच मुळी हरवलेल्या पोरांचं आहे. आणि मला या गावात जेमतेम तीन आठवडे झाले होते, तुला तर तेव्हा वर्ष झालेलं होतं. मम्मी, ऐकतेस ना? कान असेच असतात गं. ज्या गावात राहतो त्या गावचे होतात. तुझी माया कमी पडली नव्हती, तुझे कान इथले झाले होते, एवढंच.

त्या संध्याकाळी धुकं उतरलं आणि तापसीदी खिडकी लावायला आली. मी तिला लावू दिली नाही. मी तिला सांगितलं की तळ्यातलं ते मूल कुणालाच बोलावत नाही. सोबती मागत नाही, ओढून नेत नाही. ते आमच्यातलं मूल आहे, आणि आमच्या भाषेत तो शब्द म्हणजे मा. तापसीदी पलंगावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. आहा रे, माके डाकछे, आईला हाक मारतोय, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. इतकी वर्षं आम्ही त्याला घाबरलो, म्हणाली. आता वसाहतीत सगळ्यांना ठाऊक झालंय. कुणी खिडक्या लावून घेत नाही. स्वयंपाकाची बाई धक्क्यावर पणती ठेवते. कालही धुक्यातून ते आलं, सूर वर जाणारा, विचारणारा, आणि तापसीदीनं मला विचारलं, मग त्याची आई कुठे आहे? मी म्हटलं, पुण्यात. तापसीदी तुझ्यासारखीच हट्टी आहे. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तळ्याला मोठ्यानं सांगून टाकलं, मा आशछे रे, मा आशछे. आई येतेय रे. तुला न विचारता.

म्हणून मी सॉल्ट लेकला नाही म्हणून कळवलंय. तिथल्या फ्लॅटमध्ये पाहुणा चालत नाही, सियालदहच्या खोलीत दुसरी खाट मावत नाही. इथे घरचं एक माणूस सोबत राहिलेलं चालतं. मी कालच तुझ्या नावाची परवानगी घेतली. दुसरी खाट खिडकीशी लावून घेतलीय, गादी उन्हात घालून ठेवलीय. तळ्याकडे बघायचं की नाही ते तू ठरव. मी तुझ्याशेजारी बसेन, त्या दिवशीसारखीच, फक्त या वेळी तुझे दोन्ही हात मोकळे असतील. आपल्याकडे तिन्हीसांजेच्या हाकेला ओ देत नाहीत, मला माहीत आहे. पण ही हाक परक्याची नाही, आणि तिला ओ द्यायची राहून गेलीय. मी देऊन बघितली. माझा आवाज त्याच्या ओळखीचा नाही.

ये गं, आई.

तुझीच,
मधुरा