हाकेच्या आत

सर,

परवा एका मुलीचा फोन आला. आपल्या कडेगावकडचीच आहे, कबड्डी खेळते, आणि खेळाडू म्हणून तिला मुंबईत नोकरी लागली आहे. मी आता निवड समितीवर असते, म्हणून कुणीतरी तिला माझा नंबर दिला. विचारत होती, म्याडम, खोली कुठं बघू? मैदानाजवळ नुसत्या जुन्या चाळी हायत, लांब गेलं की चांगलं फ्लॅट मिळत्यात. मी तोंड उघडलं आणि तुमचंच वाक्य जिभेवर आलं, मैदानाच्या हाकेच्या आत राहा. पण ते काही माझ्याच्यानं म्हणवेना. उद्या सांगते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

तुम्ही फौजेतून निवृत्त होऊन आमच्या हायस्कुलात खेळाचे शिक्षक झालात तेव्हा पोरींनी मातीत लोळायचं ही कल्पनाच गावाला झेपत नव्हती. तुम्ही कुणाशी भांडला नाहीत. एका संध्याकाळी मैदानाच्या मधोमध उभं राहून हाक मारलीत, आणि ज्या ज्या घरी ती पोचली त्या त्या घरी जाऊन बसलात. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून चहा बशीत ओतता ओतता तुम्ही आबांना म्हणालात, "पोरगी माझ्या हाकेच्या आत हाय. काय झालं तर मला इचारा." दुसऱ्या दिवशी आबांनी मला मैदानावर पाठवलं. तेव्हापासून गावात तेच मोजमाप होऊन बसलं. ओढ्यापलीकडच्या मळ्यातली एक मुलगी पकडीत माझ्यापेक्षा सरस होती, पण हाक ओढ्यापाशीच विरायची, म्हणून तुम्ही तिला संघात घेतलं नाहीत. ती रडली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही आज सांगून टाकते.

पुढं मला मुंबईची नोकरी लागली आणि आबांनी तो कागद भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला. मुंबईत कुणाची हाक कुणाला ऐकू येती, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही पुन्हा त्याच उंबऱ्याशी येऊन बसलात. तिथंही पोरगी मैदानाच्या हाकेच्या आत राहील, असा शब्द तुम्ही माझ्या वतीनं देऊन टाकलात. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. कराडच्या स्टँडवर तुम्ही माझ्या हातात नव्या कोऱ्या नी-कॅपची जोडी ठेवलीत आणि दम भरलात, "घर बघताना खिडकी बघू नगंस. मैदान बघ."

मी पाहिलं, सर. जुन्या खेळाडू मैदानामागच्या चाळीत राहायच्या, एका खोलीत पाच-सहा जणी. सकाळी रांगेत उभं राहायचं, सामना हरला की नळावरच्या बायका जाब विचारायच्या, आणि गुडघ्याला बर्फ लावायला पाय लांब करावा तर कुणाच्या तरी अंगावर जायचा. ज्यांचा पगार जरा बरा होता त्या खाडीपल्याडच्या नव्या इमारतींत गेल्या होत्या. एकीनं मला तिथली रिकामी खोली दाखवली. खिडकी होती, पण मला भूल पडली ती दाराची. आतून कडी लावता येईल असं माझं एकटीचं दार. गावच्या घरात मी कधी कडी लावून झोपले नव्हते, कुणी लावूच दिली नसती. मी ती खोली घेतली आणि घरी कार्ड टाकलं, मैदानाजवळच राहते. पत्ता कार्यालयाचा दिला.

आणि मग एक दिवस तुम्ही न कळवता आलात. सराव साडेसातचा असायचा. मी बसनं पूल ओलांडून वेळेवर पोचले, तर मैदानाच्या कठड्यावर तुम्ही, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. राखणदार हसत हसत मला सांगू लागला, पहाटे हा म्हातारा मधोमध उभा राहून ओरडत होता, मला वाटलं डोकं फिरलंय. मला हसू आलं नाही. तुम्ही उठलात. "ऐकू आली का गं हाक?"

"आली की सर. आवरण्यात येळ गेला."

तुम्ही माझ्या मनगटाकडे पाहिलंत. घड्याळाच्या पट्ट्यात बसचं तिकीट खोवलेलं होतं. "मग झालं," तुम्ही म्हणालात, "आबांस्नी तसंच सांगतो." तुम्ही सगळा सराव पाहिलात, डाव्या पायावर भार फार देते म्हणून रागावलात, शेंगा सगळ्या मुलींना वाटल्यात. खोली दाखव मात्र म्हणाला नाहीत, आणि दुपारच्या एसटीनं परत गेलात.

दिवाळीला गेले तर आबा येईल त्याला कौतुकानं सांगत होते, सरांनी सोता हाक मारून बघितली, पोरीला लगीच आली. तुम्ही शेजारीच बसला होतात. मान हलवत होतात. उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस माझ्यामुळं मान हलवत होता, आणि मी चकली खात होते. लाज वाटत होती, तरी खात होते. नंतर सुट्टीला आले की तुमची हाक कानावर यायची, पण ती नव्या पोरींसाठी असायची.

त्या खोलीत राहून मी नऊ वर्षं खेळले. सरावाला एक दिवस उशीर केला नाही. खोलीचा पश्चात्ताप मला तेव्हा नव्हता, आजही नाही. तुमच्यासमोर तेवढंच धीटपणानं बोलता आलं असतं तर कदाचित तुम्ही वर येऊन चहा घेतला असतात, कडी लावून पाहिली असतीत. त्या मुलीला मी उद्या सांगणार आहे, झोप लागेल तिथं राहा, आणि घरी खरा पत्ता कळव.

तुम्ही गेल्यावर या पत्रावर घालायला पत्ताच उरलेला नाही, म्हणून ते तुम्ही दिलेल्या नी-कॅपच्या पिशवीतच राहील. हाक मला आली नव्हती, सर. तुम्ही मैदानात उभे होतात तेव्हा मी खाडीपल्याड आतून कडी लावून झोपले होते, आणि मला फार गाढ झोप लागली होती.